सुप्याची कर्जखते आणि अर्थाचा प्रश्न

सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात आहे; 1875 साली ते भीमथडी तालुक्यात मोडत होते. चौफुल्याहून मोरगावकडे जाताना लागणारे, कमी पावसाच्या जिरायती पट्ट्यातले हे जुने बाजारगाव. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीने त्याचे नाव घेतले जाई. पण अलीकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत सुपे येते ते 12 मे 1875 या दिवसामुळे. त्या दिवशी आसपासचे कुणबी इथे जमले, वाणी-सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले, त्यांच्याकडच्या वह्या आणि कर्जखते त्यांनी मागून घेतली आणि जाळली. धान्याची दुकानेही लुटली गेली. पुढच्या आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, त्याचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि दख्खनचे दंगे हे नाव कायमचे चिकटले. जमावाला हवे होते ते कागद, ही गोष्ट आयोगाच्याही नजरेतून सुटली नाही. सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले की बहुतेक ठिकाणी पुढे काही घडत नसे. ज्यांना वाचता येत नव्हते अशा माणसांनी कागद हाच आपला शत्रू मानला, आणि तो जाळून संपवला.

या घटनेचा अर्थ काय, हा प्रश्न दीडशे वर्षे विचारला जातो आहे. आर्थिक इतिहासाचा प्रश्न म्हणून तो परिचित आहे. मला तो इथे वेगळ्या कारणासाठी हाती घ्यायचा आहे. लेखाचा, वचनाचा, कृतीचा अर्थ आपण लावतो म्हणजे नेमके काय करतो, याचा विचार करणारी तत्त्वज्ञानाची एक शाखा आहे. युरोपात तिला हर्मेन्युटिक्स म्हणतात, मराठीत अर्थनिर्णयाचे तत्त्वज्ञान म्हणता येईल. तिच्यावर लिहिताना उदाहरणे बहुतेक बायबलची, ग्रीक काव्याची, फार तर शेक्सपिअरची दिली जातात, आणि सामान्य वाचकाला वाटते की हा पंडितांचा मामला आहे. सुप्याची कर्जखते समोर ठेवली तर याच शाखेचे मूळ प्रश्न किती निकडीचे आहेत ते कळते, आणि तिची एक उणीवही उघडी पडते. माझे म्हणणे असे आहे की कोणत्याही लेखाचा अर्थ नुसत्या अक्षरांत पुरता सापडत नाही; तो कशासाठी लिहिला गेला आणि कोण कुठे उभा राहून वाचतो आहे, यांवरही तो ठरतो. तरीही सगळे अर्थ सारखेच खरे नसतात. आणि लिहिणारा व लिहून देणारा यांच्या बळात मोठी तफावत असेल तिथे सहानुभूतीने वाचून भागत नाही, संशय धरूनच वाचावे लागते.

या विचाराची सुरुवात व्यवहाराच्या गरजेतून झाली. धर्मग्रंथ, कायदा आणि प्राचीन साहित्य या तीन क्षेत्रांत जुने लेख लावण्याचे वेगवेगळे नियम युरोपात शतकानुशतके वापरात होते. फ्रीडरिश श्लायरमाखर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने 1805 पासून, आधी हाले आणि पुढे बर्लिन इथे दिलेल्या व्याख्यानांत, या सुट्या नियमांच्या मागे असलेला सामान्य प्रश्न विचारला: दुसऱ्याचे बोलणे समजणे मुळात कसे शक्य होते? तोवरची समजूत अशी की समजणे आपोआप होते, एखादी अवघड जागा आली तरच नियमांची गरज लागते. श्लायरमाखरने हे उलटे केले. गैरसमज हाच स्वाभाविक, समज ही प्रयत्नाने मिळवावी लागते, असे त्याने मानले. त्यासाठी त्याने दोन बाजू सांगितल्या. एक भाषेची: त्या काळी त्या भाषेत शब्द कसे वापरले जात. दुसरी लेखकाच्या मनाची: हा मजकूर त्याच्या एकूण विचारात कुठे बसतो. संपूर्ण लेख कळल्याशिवाय त्याचा भाग कळत नाही आणि भाग कळल्याशिवाय संपूर्ण कळत नाही, हे फिरते चक्रही त्याने विचारात घेतले. वाचक या चक्रातून बाहेर पडत नाही. फेरी करता करता त्याची समज वाढत जाते.

आता हीच कसोटी 1870 च्या सुमाराच्या एखाद्या कर्जखताला लावून पाहू. भाषेच्या बाजूने फारशी अडचण नाही. कर्जखताचा साचा ठरलेला असे: मुद्दल, व्याज, मुदत, तारण, आणि शेवटी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिल्याची ग्वाही. हा शेवटचा भाग आजही मुद्रांकाच्या कागदावर जसाच्या तसा येतो. पण दुसऱ्या बाजूला आल्याबरोबर गाडी अडते. या खताचा लेखक कोण? मजकूर कुळाच्या तोंडचा आहे: मी अमुक, तुमच्याकडून इतके रुपये घेतले. सांगणारा मात्र सावकार, लिहिणारा कारकून आणि ज्याच्या तोंडी हे शब्द घातले तो कुणबी खाली नांगराची निशाणी करून मोकळा होणार. मोडीत काय लिहिले आहे ते त्याला कुणी वाचून दाखवले तरच कळणार, आणि वाचून दाखवणाराही बहुधा सावकाराच्याच बाजूचा. लेखकाच्या मनात शिरून अर्थ लावायचा तर इथे कोणाच्या मनात शिरावे? खतातला ‘मी’ आणि खत लिहून देणारा माणूस यांच्यात एवढे अंतर आहे की श्लायरमाखरची पद्धत इथे उत्तराऐवजी नवाच प्रश्न हातात ठेवते.

शिवाय हे खत एकटे नाही. त्याला आधीची खते आहेत. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत फक्त तीन वर्षे ग्राह्य ठरवले. हेतू रयतेच्या भल्याचा होता: व्याज वर्षानुवर्षे साचू नये. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवे खत करून घेऊ लागले. थकलेले व्याज मुद्दलात मिसळायचे, ती सगळी रक्कम नव्या खतात मुद्दल म्हणून लिहायची आणि तिच्यावर पुन्हा व्याज सुरू. फेडीची पावती मिळेल याची खात्री नाही. दिलेले धान्य कोणत्या भावाने धरले ते कुळाला कळत नसे. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये असा दामदुपटीचा जुना दंडक होता. आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले निघाले. हा सारा इतिहास नव्या खतात कुठेच दिसत नाही. तिथे एकच आकडा असतो, आणि तो मुद्दल म्हणून असतो. खत खोटे नसेलही; त्यातले प्रत्येक अक्षर कुळाच्या निशाणीने मान्य झालेले असेल. तरी ते अक्षरशः वाचणारा माणूस त्या व्यवहाराबद्दल काहीच जाणत नसतो.

आणि कायदा तेव्हा अक्षरशः वाचा असेच सांगत होता. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की करार एकदा लेखी झाला की त्यातल्या अटींच्या विरुद्ध तोंडी पुरावा चालणार नाही. या नियमाला चांगले कारण आहे. तोंडी साक्षी फिरतात, माणसे विसरतात, लालूच दाखवता येते. कागद तेवढा स्थिर राहतो. जिथे दोन्ही पक्ष लिहिणारे-वाचणारे आहेत आणि आपापला वकील बरोबर घेऊन येतात, तिथे हा नियम न्यायाचे रक्षण करतो. सुप्याच्या परिसरात त्याचा परिणाम असा झाला की खताच्या मागचा सगळा व्यवहार न्यायालयाच्या दाराबाहेर राहिला. मुन्सफापुढे सावकार खत ठेवी, कुळ बहुधा हजरच नसे, एकतर्फी हुकूमनामा निघे. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात दीडशे रुपयांच्या कर्जापायी एका देशमुखाविरुद्ध असा हुकूमनामा निघाला. गावाने त्या सावकारावर बहिष्कार घातला आणि पाहता पाहता बहिष्काराचे हे हत्यार इतर गावांत गेले. सुप्याला आग लागली ती या पार्श्वभूमीवर.

श्लायरमाखरनंतरच्या विचारवंतांकडे वळले की असे व्यवहार समजण्याची जास्त चांगली साधने हाती लागतात. विल्हेल्म डिल्थायने निसर्गाचा अभ्यास आणि माणसाचा अभ्यास यांत फरक केला: निसर्गाचे आपण कारण सांगतो, माणसाचे जगणे मात्र समजून घ्यावे लागते, कारण त्यात हेतू आणि मूल्ये असतात. 1865 मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, सावकारांनी नवे कर्ज देणे आखडते घेतले आणि जुने मागायला सुरुवात केली; ही उठावाची कारणपरंपरा. पण भाव कोसळल्यावर लोकांनी सावकाराला ठार न मारता त्याचे कागद का मागितले, हे कारणांच्या साखळीतून कळत नाही. त्यासाठी कागद त्यांच्या जगण्यात काय होता हे समजून घ्यावे लागते. डिल्थायचा फरक मला एवढ्यापुरता पटतो. कारण सांगणे आणि समजून घेणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत असे मात्र वाटत नाही. कापसाचा भाव ठाऊक नसेल तर कुणब्याचा संतापही नीट समजणार नाही.

पुढचे पाऊल सर्वांत धाडसी होते. मार्टिन हायडेगरने 1927 च्या ‘सत् आणि काल’ या ग्रंथात असे मांडले की समजणे ही माणसाने फावल्या वेळात करायची क्रिया नव्हे, माणूस म्हणून असणे म्हणजेच समजत असणे. आणि आपण काहीही समजून घेतो ते आधीपासून जवळ असलेल्या समजुतींच्या आधाराने. त्याचा शिष्य हान्स-गेओर्ग गाडामर (1900–2002) याने 1960 मध्ये ‘सत्य आणि पद्धती’ या ग्रंथात याचा पूर्ण विस्तार केला. प्रबोधनकाळाने पूर्वग्रह म्हणजे निव्वळ अडथळा मानला होता. गाडामर म्हणतो की पूर्वग्रहांशिवाय समजायला सुरुवातच होत नाही. वाचक कोऱ्या मनाने कधी येत नाही. तो आपल्या काळाचे, भाषेचे, परंपरेचे क्षितिज घेऊन येतो. लेखालाही त्याचे क्षितिज असते. समज म्हणजे या दोन क्षितिजांची एकमेकांत मिसळण. त्यासाठी वाचकाने स्वतःला पुसून टाकायचे नसते. आपले पूर्वग्रह पणाला लावायचे, लेखाला आपल्याला प्रश्न विचारू द्यायचा, एवढी तयारी मात्र हवी. गाडामरचा आणखी एक मुद्दा आपल्या विषयाला नेमका लागू पडतो: कोणतेही विधान समजायचे तर ते ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न आधी शोधला पाहिजे.

दंग्यांच्या आयोगाचा अहवाल या दृष्टीने वाचून पाहावा. आयोगापुढे एक विशिष्ट प्रश्न होता: सरकारी सारा हे उठावाचे कारण आहे का? हा प्रश्न हवेतून आलेला नव्हता. सुप्यापासून दूर नसलेल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 मध्ये जमीनमोजणी आणि सारानिश्चितीची नवी पद्धत बसवली, आणि ती पुढे मुंबई इलाख्यासाठी नमुना ठरली. तीस वर्षांची मुदत 1866-67 च्या सुमारास संपली तेव्हा फेरआकारणीत साऱ्याची रक्कम पन्नास टक्क्यांहून अधिक वाढली. ही वाढ कापसाच्या तेजीतल्या भावांकडे पाहून झाली आणि वसुलीची वेळ आली तोवर तेजी ओसरली होती. म्हणजे आयोगाला विचारलेल्या प्रश्नात सरकारची स्वतःची बाजू गुंतलेली होती. आयोगाने पुष्कळ पुरावा गोळा केला, साक्षी घेतल्या, भावांचे आणि कर्जांचे तक्ते जोडले, आणि निष्कर्ष काढला की दोष मुख्यतः सावकारांचा आहे. आयोगातलेच ऑकलंड कॉल्व्हिन यांनी साऱ्याच्या वाढीवर टीका करणारी स्वतंत्र टिप्पणी लिहिली. आयोग खोटारडा होता असे मला म्हणायचे नाही. आयोगाचे क्षितिज असे होते की त्यातून सावकार अगदी स्पष्ट दिसत होता आणि स्वतःचा मालक, म्हणजे सरकार, अंधुक दिसत होता.

पुढच्या वाचकांनीही आपापले प्रश्न आणले. महात्मा फुल्यांनी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले तेव्हा शेतकऱ्याच्या दैन्याचा शोध त्यांनी सावकाराच्या पेढीपाशी थांबवला नाही. कचेऱ्यांतली कारकुनी, न्यायालये आणि अविद्या यांची साखळी त्यांनी जोडून दाखवली. विसाव्या शतकात रविंदर कुमार यांनी या दंग्यांत इंग्रजी कायद्याने कुणबी आणि वाणी यांच्यातले जुने नाते कसे मोडले ते पाहिले. नील चार्ल्सवर्थ यांनी 1972 मध्ये उलटे म्हटले: दंगे लहान आणि मर्यादित होते, सरकारी धोरणाच्या वादामुळे त्यांना अवास्तव महत्त्व मिळाले. रणजित गुहा यांनी 1983 मध्ये असे दाखवून दिले की शेतकरी उठावांवरचे सरकारी कागद मुळात ते दडपण्याच्या कामासाठी लिहिलेले असतात, म्हणून ते उलट्या अंगाने वाचले पाहिजेत. एकाच मे महिन्याचे इतके अर्थ झाले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. वाचक जसा उभा राहील तसा अर्थ होत असेल तर खरे-खोटे उरते कुठे? इटलीतले कायदेपंडित एमिलिओ बेत्ती यांनी गाडामरवर हाच आरोप ठेवला: तुम्ही समजण्याचे वर्णन करता, पण योग्य समज आणि चुकीची समज यांतला फरक सांगत नाही. अमेरिकन समीक्षक ई. डी. हर्श यांनी 1967 मध्ये लेखकाचा हेतू हाच अर्थाचा एकमेव स्थिर आधार आहे असा आग्रह धरला. या आक्षेपाला सुप्याच्या उदाहरणातून उत्तर देता येते. वरच्या वाचनांत मतभेद आहेत, पण ते सगळे एका पुराव्याला उत्तरदायी आहेत. कागद मिळाल्यावर जमाव सहसा शांत होत असे, ही नोंद जो पुसून टाकील त्याचे वाचन पडते. दंगे म्हणजे निव्वळ लूटमार असे म्हणणाऱ्याला ही एकच नोंद अडवते. बहुतेक ठिकाणी मारवाडी आणि गुजर सावकार लक्ष्य झाले, हीही नोंद आहे. त्यामुळे सारा प्रकार केवळ सरकारी सारावाढीविरुद्ध होता असे म्हणणाऱ्यालाही खुलासा द्यावा लागतो. आणि गावे मोजकीच होती हे चार्ल्सवर्थ यांचे म्हणणे मान्य केले तरी आकाराने लहान घटना अर्थाने लहान असते, हे त्यातून सिद्ध होत नाही. प्रश्न वाचकाचा असतो, पण उत्तर द्यायला बाहेर काहीतरी उभे असते आणि ते नकार देऊ शकते. वाचने अनेक असू शकतात. ती वाटेल तितकी मात्र नसतात.

लेखकाच्या हेतूलाच धरून बसणे किती अपुरे, हे आपल्याकडच्या परंपरेला फार आधी उमगले होते. मीमांसकांपुढे वेद होते आणि त्यांच्या मते वेदांना लेखकच नव्हता. मग तात्पर्य ठरवायचे कसे? त्यांनी लेखाच्या रचनेतच खुणा शोधल्या: आरंभ आणि शेवट यांचा मेळ, वारंवार येणारा मुद्दा, नव्याने सांगितलेली गोष्ट, फळ, स्तुतीपर भाग आणि युक्तिवाद. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) याच कसोट्या घेतल्या आणि गीतेचा आरंभ लढायला नकार देणाऱ्या अर्जुनाने होतो व शेवट तो लढायला उभा राहण्याने होतो, यावरून गीता कर्मयोग सांगते असा निष्कर्ष काढला. ही पद्धत वापरून ते शंकराचार्यांच्या वाचनाविरुद्ध उभे राहिले, आणि ते ज्या प्रश्नाने गीतेकडे गेले तो पारतंत्र्यातल्या माणसाचा प्रश्न होता हेही उघड आहे. नियम आणि वाचकाचा काळ दोन्ही एकाच वाचनात कसे काम करतात याचे इतके चांगले उदाहरण गाडामरलाही सहज मिळाले नसते. मीमांसकांचा एक नियम मला कर्जखतांसाठी विशेष उपयोगाचा वाटतो. स्तुतीपर वाक्य वस्तुस्थितीचे विधान म्हणून वाचू नये, ते मुख्य विधीला बळ देण्यासाठी असते, असे ते सांगतात. खताच्या शेवटी येणारी राजीखुशीची ग्वाही तशीच वाचली पाहिजे. ती कुळाच्या मनःस्थितीची माहिती नाही. खत न्यायालयात टिकावे म्हणून घातलेला तो टेकू आहे.

गाडामरविरुद्धचा याहून गंभीर आक्षेप युर्गेन हाबरमासने 1967 मध्ये घेतला. परंपरेशी संवाद, क्षितिजांची मिसळण, हे सगळे ठीक. पण भाषा हे सत्तेचेही साधन असते. ज्या परंपरेत तुम्ही समजून घेता तीच दबावाने विकृत झालेली असेल तर संवादातून ती विकृती कायमच राहील. सुप्याचा पुरावा इथे पूर्णपणे हाबरमासच्या बाजूने बोलतो. कर्जखत हा दिसायला दोन माणसांचा संवाद: मी घेतले, तुम्ही दिले. वाचकाने त्या संवादात सहानुभूतीने शिरायचे ठरवले तर तो सावकाराच्या शब्दांत शिरेल, कारण तिथे दुसऱ्याचे शब्दच नाहीत. गाडामरने कायद्याच्या वाचनाला आदर्श उदाहरण मानले होते: न्यायाधीश जुना कायदा आजच्या प्रकरणाला लावतो आणि त्या लावण्यातच त्याचा अर्थ पुरा होतो. पण 1870 च्या दशकातला मुन्सफ खत लावत होता तेव्हा त्याच्यासमोर बहुधा एकच पक्ष उभा असे. माझ्या मते गाडामरच्या विचारातली ही खरी उणीव आहे. समोरचा लेख काही सांगू पाहतो आहे यावर त्याचा भर आहे. लेखात कोणाला बोलूच दिलेले नाही, याकडे तो पुरेसे पाहत नाही.

पॉल रिकर (1913–2005) या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने ही बाजू भरून काढण्याचा प्रयत्न केला. मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना त्याने संशयाचे आचार्य मानले. वरवरच्या अर्थावर विश्वास न ठेवता त्यामागचे हितसंबंध, इच्छा, दडपण शोधणारे वाचन त्यांनी शिकवले. रिकरने संशय आणि श्रद्धा या दोन्हींना जागा दिली. 1971 मध्ये त्याने मांडलेला दुसरा विचार तर सुप्यासाठीच मांडल्यासारखा आहे: अर्थपूर्ण कृती लेखासारखी वाचता येते. कृती करणाऱ्याच्या हातून सुटते, तिचे परिणाम त्याच्या हेतूपलीकडे जातात, आणि पुढचे लोक तिचा अर्थ लावत राहतात. तसे पाहिले तर 12 मे 1875 रोजी सुप्यात दोन लेख एकमेकांसमोर आले. एक सावकाराच्या वहीतला, ज्यात कुळाच्या नावाने दुसराच बोलत होता. दुसरा ती वही जाळण्याच्या कृतीतला, ज्यात कुळ प्रथमच स्वतः बोलले. आयोगाने नोंदवलेल्या अफवेचीही इथे दखल घ्यायला हवी. सावकारांकडची खते काढून घ्यावीत असा हुकूम खुद्द विलायतेहून, राणीकडून आला आहे, असे गावोगाव बोलले जात होते. अधिकाऱ्यांना यात अडाणीपणा दिसला. मला त्यात एक वाचन दिसते: जे राज्य कागदावर चालते ते न्यायाने चालत असेल तर असाही एक कागद कुठेतरी निघालाच असणार.

आता दुसरा आक्षेप. संशयाने वाचायचे तर सावकारावरच का? त्यालाही त्याची बाजू होती. कमी पावसाच्या मुलखात तो जोखमीवर पैसा देत होता. सरकार ठरल्या तारखेला रोकड सारा मागे तेव्हा कुणब्याला रोकड पुरवणारा दुसरा कोणी नव्हता. खुद्द त्याच्यावरही मोठ्या पेढ्यांचे देणे असे. हे खरे आहे आणि इतिहासकारांनी ते मांडले आहे. सावकाराला एकट्याला खलनायक ठरवणे ही आयोगाच्या सोयीची गोष्ट होती हे मी वर म्हटलेच आहे. दंगेखोरांच्या कृतीकडेही डोळे झाकून पाहू नये: परप्रांतीय म्हणून काहींनाच निवडून लक्ष्य केले गेले असेल तर त्यात अन्यायाचीही छटा आहे, आणि जाळलेल्या वह्यांत काही प्रामाणिक हिशेबही होते हे नक्की. संशयाने वाचणे म्हणजे दुर्बळाचे सगळे खरे मानणे नव्हे. ज्याच्या हाती लेखणी होती त्याच्या मजकुराला आधी प्रश्न विचारायचे, एवढाच त्याचा अर्थ. मग सरकारी अहवालालाही तेच प्रश्न, आणि रयतेच्या वतीने कोणा कारकुनाने लिहिलेल्या अर्जांनाही. आपल्याला आज रयतेचा आवाज ऐकू येतो तो आयोगाने विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांतून, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात.

या सगळ्याला कोणी पुस्तकी म्हणेल तर त्याने 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पाहावा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या या कायद्याने न्यायालयाला सांगितले की खतावर थांबू नका. व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा हिशेब काढा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळे करा, मध्ये कुळाने काय मान्य करून निशाणी केली याने बांधले जाऊ नका. गावासाठी दस्तनोंदणी करणारे अधिकारी नेमले गेले, आणि खत त्यांच्यासमोर लिहावे व कुळाला समजावून द्यावे अशी सोय झाली. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. श्लायरमाखरचे भाग आणि संपूर्णाचे चक्र, गाडामरचा मागचा प्रश्न, हाबरमासचा सत्तेबद्दलचा इशारा, हे सगळे या कलमांत कामाला लागलेले दिसते. ते लिहिणाऱ्यांनी यातले फारसे काही वाचले नसेल. निम्मे तर अजून लिहिलेही गेले नव्हते. त्यांना जळालेल्या वह्यांच्या राखेतून एवढे कळले होते की कागद खरा असूनही त्याचे वाचन खोटे असू शकते.

सावकारांनीही हा कायदा काळजीपूर्वक वाचला. न्यायालय कर्जखताच्या मागे जाते हे लक्षात येताच त्यांनी कर्जखत आणि गहाणखत करणे कमी केले. जमिनीचे सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि रक्कम फिटली की जमीन परत देऊ असा तोंडी शब्द द्यायचा, अशी रीत पडली. खरेदीखतात कर्जाचा उल्लेखच नाही, त्यामुळे हिशेब काढायला जागा नाही. आणि तोंडी शब्द पुराव्याच्या कायद्याने बाद. म्हणून पुढे कायद्यात पुन्हा दुरुस्ती करावी लागली आणि दिसायला खरेदी असलेला व्यवहार प्रत्यक्षात गहाण होता हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा शेतकऱ्याला मिळाली. त्यानंतर न्यायाधीशाला खरेदीखत समोर ठेवून विचारता येऊ लागले की मोबदला जमिनीच्या किमतीला साजेसा होता का, विक्रीनंतर ती जमीन कोण कसत राहिले, सारा कोणी भरला, आणि कुळाने दरवर्षी दिलेले पैसे भाड्याचे होते की व्याजाचे.